सिव्हीसीआरएम आणि कबूल देणग्यांचे हप्ते: एक परीक्षण

सार्वजनिक न्यासांच्या कार्यालयात देणगीचे काम दोन प्रकारचे असते. आलेल्या रकमेची पावती फाडणे सोपे आहे. ‘तीन वर्षांत देईन’ असे कोणी सांगितले की त्या शब्दाचा हिशेब ठेवणे मात्र अवघड जाते, कारण हे आकडे बहुधा कोशाध्यक्षांच्या वहीत किंवा एखाद्या एक्सेल फाईलमध्ये राहतात आणि माणूस बदलला की हरवतात. सिव्हीसीआरएम हे संस्थांचे देणगीदार आणि देणग्या यांच्या नोंदी ठेवणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर या दुसऱ्या कामासाठी स्वतंत्र विभाग देते, आणि माझ्या मते तोच त्याचा सर्वांत मोलाचा भाग आहे.

या विभागात कबूल केलेली रक्कम आणि प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम यांची कधीही सरमिसळ होत नाही. समजा, एका देणगीदाराने 1,20,000 रुपये दर तीन महिन्यांनी, 12 हप्त्यांत देण्याचे कबूल केले, तर प्रणाली 10,000 रुपयांचे 12 हप्ते त्यांच्या देय तारखांसह मांडते. पैसे आले की ती जमा त्या विशिष्ट हप्त्याला जोडली जाते, आणि तारीख उलटूनही पैसे आले नाहीत तर तो हप्ता थकीत दिसू लागतो. आपल्याकडील बहुसंख्य न्यास देणगी हातात आल्यावरच उत्पन्न धरतात, त्यामुळे ही विभागणी लेखापरीक्षणाच्या वेळी फार उपयोगी पडते. देणगीदाराने 10,000ऐवजी 15,000 दिले, तर पुढील हप्ते कमी करायचे की एकूण कबूल रक्कमच वाढवायची, हे नोंद करणारी व्यक्ती ठरवू शकते. ही सोय ज्याने योजली त्याला देणगीदारांचे वागणे नीट ठाऊक असले पाहिजे.

स्मरणपत्रांची रचनाही संयमी आहे. पहिले पत्र देय तारखेच्या किती दिवस आधी जावे, एकूण किती पत्रे जावीत आणि दोन पत्रांत किती दिवसांचे अंतर असावे, हे प्रत्येक देणगीसाठी ठरवता येते. मूळ मांडणीत पाच दिवस आधी एकच पत्र जाते, आणि बहुतेक संस्थांनी ते तसेच ठेवावे असे मला मनापासून वाटते. स्वेच्छेने दिलेल्या शब्दाची वसुली कर्जासारखी होता कामा नये. मात्र ही पत्रे पाठवण्यासाठी सर्व्हरवरील नियोजित काम (ठरावीक वेळी आपोआप चालणारी प्रक्रिया) चालू करून त्यात स्मरणपत्रांचा पर्याय द्यावा लागतो, आणि ज्या संस्थेकडे हे पाहणारा तांत्रिक माणूस नाही तिथे हा विभाग निव्वळ नोंदवही बनून राहतो.

खरी मर्यादा वेगळी आहे. हा विभाग पैसे वसूल करत नाही. प्रत्येक हप्ता देणगीदाराने स्वतः भरायचा असतो. खात्यातून आपोआप रक्कम वळती होणारी आवर्ती देणगी ही इथे निराळी गोष्ट आहे आणि एकाच ऑनलाइन देणगी पानावर दोन्ही पर्याय एकत्र ठेवता येत नाहीत. दरमहा 500 रुपये देणाऱ्या शेकडो लोकांसाठी यूपीआय ऑटोपे किंवा नॅच आदेश (बँक खात्यातून ठरावीक रक्कम आपोआप वळती करण्याची परवानगी) अधिक सोयीचा आहे. तिथेही रक्कम कापण्याच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला सूचना देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम यूपीआय आदेशांना लागू असल्याने देणगीदार अंधारात राहत नाही.

भारतीय कायद्याची तरतूद सिव्हीसीआरएममध्ये मुळात नाही. 2021-22 या आर्थिक वर्षापासून ऐंशी-जी मान्यता (जिच्यामुळे देणगीदाराला करसवलत मिळते) असलेल्या संस्थांवर, मिळालेल्या देणग्यांची माहिती आयकर खात्याला देणारे दहा-बीडी विवरणपत्र भरण्याचे आणि देणगीदाराला दहा-बीई हे देणगीचे प्रमाणपत्र देण्याचे बंधन आले. त्यासाठी पॅनचा रकाना आपणच जोडावा लागतो, आणि विवरणपत्रासाठी माहिती काढताना हप्त्यांची यादी घेऊन चालत नाही. प्रत्यक्ष जमा रकमांचीच यादी घ्यावी लागते.

ज्या न्यासाचे मोजके पण मोठे देणगीदार आहेत, इमारत किंवा शिष्यवृत्ती निधीसाठी अनेक वर्षांचे शब्द घेतले जातात आणि सर्व्हर सांभाळणारा एक तरी विश्वासू माणूस आहे, अशा संस्थेने हे सॉफ्टवेअर जरूर घ्यावे. परवान्याला पैसे पडत नाहीत, तेव्हा वाचलेला निधी त्या माणसाच्या मानधनावर खर्च करावा.