लाठीकाठी की ज्युडो?

जुळे सोलापुरातल्या आमच्या वहिनींचा प्रश्न: सातवीतल्या लेकीला लाठीकाठीला घालू की ज्युडोला? क्लासच्या बोर्डावरचं ‘शंभर टक्के स्वसंरक्षण’ दोन्हीकडे सोडून द्या.

खर्चात लाठी स्वस्त. काठी आणि मोकळं मैदान, झालं. ज्युडोला मॅट हवी, शिवाय जाड कापडाचा गी, म्हणजे ज्युडोचा पोशाख. सोलापूरच्या मे महिन्यात तो अंगावर नको होतो.

खरा फरक समोरच्या माणसाचा. लाठी, दांडपट्टा (२०२४ पासून राज्यशस्त्र बरं का!) बहुधा ठरलेल्या हातांनी, म्हणजे वारांच्या ठरीव क्रमाने शिकवतात. मनगट, पाय, दम सुरेख तयार होतात, पण समोरचा मुद्दाम अडवत नाही. ज्युडोत जोडीदार खरोखर ओढतो, पाडतो. म्हणून आधी पडायलाच शिकवतात: हनुवटी छातीला, हाताची मॅटवर थाप. बाथरूममध्ये घसरलं तरी ही सवय कामी येते. नियमांची चौकट मात्र आहेच. ठोसा-लाथ चालत नाही, आणि पाठीवर जोरात, नीट आपटलं की इप्पॉन, लढत संपली. खांदा-गुडघ्याची दुखणीही ज्युडोतच जास्त.

शिवजयंतीच्या मिरवणुकीत पट्टा फिरवायची हौस असेल तर लाठीकाठी. शालेय स्पर्धा खेळायच्या असतील तर ज्युडो. छेडछाडीची धास्ती असेल तरीही ज्युडोच, पण वर्षभर सलग. उन्हाळी शिबिरापुरता नको.