नातवंडांसाठी घेतलेला फूड जार : ऑर्लँडो, केवडिया आणि रोजची शाळा

घरात दोन ते सहा वर्षांची मुलं असतील आणि सुट्टीत मोठ्या थीम पार्कला जायचा बेत असेल, तर मोठ्या तोंडाचा स्टीलचा फूड जार घ्याच, असं मी आता खात्रीने सांगते. आम्ही होळीच्या सुमारास बडोद्यात मांडवीच्या एका भांड्यांच्या दुकानातून दोन घेतले, एक 500 मिलीचा आणि एक 300 चा. मे महिन्यात ते आमच्याबरोबर ऑर्लँडोला गेले, आल्यावर केवडियाला, आणि शाळा उघडल्यापासून मोठा जार नातवाच्या दप्तरात रोज जातो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बाजारात मिळणारे बहुतेक जार आतून सारखेच असतात: स्टीलच्या दोन भिंती, मधली हवा काढून टाकलेली, वर सिलिकॉनची रिंग असलेलं, फिरवून लावायचं झाकण. फरक वापरण्यात पडतो, म्हणून त्याबद्दलच लिहिते.

नातू पाच वर्षांचा आणि नात अडीच. घरी साडेअकराला दोघांचं जेवण होतं, एकला नात झोपते. ही घडी अर्ध्या तासाने हलली तरी ती जेवत नाही, नुसती रडते, आणि मग तिच्या आईचा, आजोबांचा, सगळ्यांचाच दिवस जातो. पार्कात नेमकी हीच घडी मोडते. साडेअकराला आपण कुठल्या तरी राईडच्या रांगेत निम्म्यावर असतो. बाहेर पडेपर्यंत साडेबारा, आणि तेव्हा खाण्याच्या प्रत्येक काउंटरवर तोबा गर्दी. काय खायला मिळेल याची काळजी सगळे करतात. माझं म्हणणं असं की लहान मुलांच्या बाबतीत आधी वेळ सांभाळावी, पदार्थ मग बघता येतात. भरलेला जार बाबागाडीच्या खालच्या जाळीत असला की सावलीतलं पहिलं बाक दिसेल तिथे साडेअकराला जेवण होतं.

ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डमध्ये स्वतःपुरतं खाणं आत नेता येतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. अटी आहेत. काचेची भांडी चालत नाहीत, फक्त तान्ह्या मुलांच्या खाण्याच्या छोट्या बाटल्यांना सूट आहे. दारू नाही, सुटा बर्फ नाही, त्यामुळे गार ठेवायला जेलचे पॅक न्यावेत. आत गेल्यावर गरम करावं लागेल असं किंवा उग्र वासाचं काही नको. या शेवटच्या अटीला जार अगदी बरोबर बसतो, कारण त्यातलं अन्न मुळात गरमच असतं. वासासाठी मी फोडणीत लसूण घातला नाही आणि हिंग अगदी चिमटीभर. गेटवर बॅग तपासणारीने झाकण उघडायला लावलं, आत पाहिलं, हसली आणि जाऊ दिलं.

आता खिचडी. घरी पानात वाढायची खिचडी जारमध्ये चालत नाही. तांदूळ शिजल्यावरही गरम जारमध्ये तासन् तास फुगत राहतात, आणि दुपारी चमच्याने खणावी लागेल असा गोळा होतो. मी एक वाटी तांदूळ आणि पाऊण वाटी मुगाच्या डाळीला साडेपाच वाट्या पाणी घालते. भरताना ती पेजेसारखी ओघळली पाहिजे. त्याआधी जारमध्ये काठोकाठ उकळतं पाणी घालून झाकण लावून 10 मिनिटं ठेवायचं. नाहीतर आतली थंड स्टीलची भिंत खिचडीचीच उष्णता ओढून घेते, आणि भरल्या भरल्याच ती निवायला लागते. पाणी ओतलं की लगेच, पातेल्यात रटरटत असलेली खिचडी थेट आत घालायची, वर चमचाभर तूप, आणि झाकण घट्ट. भरताना वर जागा ठेवायची नाही. अर्धा भरलेला जार भरलेल्या जारच्या मानाने फार लवकर निवतो, म्हणून छोटा वेगळा घेतला ते बरंच झालं. नातीचं जेवण 300 मिलीत काठापर्यंत येतं. सकाळी सातला भरलेली खिचडी साडेअकराला उघडली की वाफ वर येते, आणि ताटलीत पसरून दोन मिनिटं निववल्याशिवाय मुलांना देता येत नाही.

ही वाफ यायलाच हवी. 5 ते 60 अंश सेल्सियस या पट्ट्यात अन्नात जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि शिजवलेल्या भाताची जास्त काळजी घ्यावी लागते, कारण त्यातल्या बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. बाहेर ठेवलेलं अन्न दोन तासांच्या आत संपवावं, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर तासाभरातच, असा साधा नियम आहे. ऑर्लँडोचा मे महिना त्याच्या आसपासच असतो, आपला बडोद्याचा तर त्याच्या कितीतरी वर. म्हणून उघडल्यावर कोमट लागलं तर ते मुलांना द्यायचं नाही, आणि एकदा उघडून उरलेलं संध्याकाळसाठी ठेवायचं नाही. टाकताना जीव हळहळतो, पण परदेशात पोरांची पोटं बिघडली तर काय करणार?

खिचडीशिवाय जारमध्ये चांगलं टिकलं ते मऊ वरणभात, पातळ सांबार आणि लोणी-मीठ घातलेला पास्ता. नातवाला शेवटचा फार आवडला. उपमा आणि पोहे अजिबात नाही, दोन्ही घट्ट बसतात आणि त्यांची चवच जाते. पोळी, थेपला, दशमी जारमध्ये घामेजून लिबलिबीत होतात, त्यांना साधा डबाच बरा. दुधाचं काहीही मी गरम जारमध्ये ठेवत नाही. दहीभात मात्र उलट रीतीने छान होतो: जारमध्ये आधी बर्फाचं पाणी, मग फ्रीजमधून काढलेला गार दहीभात. दुपारच्या उन्हात नातीने तोच मागून मागून खाल्ला.

तांदूळ बडोद्याहून नेऊ नका. धान्याला लागणाऱ्या खापरा भुंगेऱ्याच्या भीतीने अमेरिका आपल्याकडचा तांदूळ प्रवाशांच्या सामानात येऊ देत नाही. तो तिथेच इंडियन ग्रोसरीत घ्यावा. आम्ही मेतकूट, भाजणी, भाजलेला रवा आणि खाखरे नेले, आणि विमानतळावर खाण्याचे पदार्थ आहेत हे आपणहून सांगितलं. विजेची किटली किंवा छोटा कुकर इथून नेण्यातही अर्थ नाही. आपला दाब 230 व्होल्टचा, त्यांचा 120 चा. आपली किटली तिथे जेमतेम पाव ताकदीने चालते, म्हणजे पाणी उकळायची वाट बघत बसायचं. न्यू जर्सीहून लेक-जावई आले होते, त्यांनी स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घेतलं होतं, त्यामुळे कुकर मिळाला. हॉटेलच्या खोलीत राहणार असाल तर सकाळी शिजवणार कुठे, हे बुकिंगच्या आधी ठरवा. जेवणाचा सगळा बेत त्यावरच अवलंबून आहे.

जारचा मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो पार्कात नाही, पहिल्या काही रात्री. मे महिन्यात ऑर्लँडोचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. रात्री दोनला तिथे अंधार, पण मुलांच्या पोटात बडोद्याचे साडेअकरा वाजलेले असतात. दोघंही टक्क जागी, आणि भूक खरी. मी झोपायच्या आधी छोटा जार मऊ भाताने भरून उशाशी ठेवत असे. दिवा न लावता, अंथरुणातच चार घास तूप-मेतकूट-भात भरवला की अर्ध्या तासात पुन्हा झोपायची. सून म्हणाली, “आई, निदान पहाटेपर्यंत झोप मिळते आहे, ही याचीच कृपा.” लांबच्या प्रवासाला लहान मुलं घेऊन जाणाऱ्यांनी पार्कात जार न्यावा न न्यावा, रात्रीसाठी तो असू द्याच.

सगळंच डब्यातलं खायचं असंही नाही. डिस्नेच्या बसून जेवायच्या ठिकाणांचं बुकिंग 60 दिवस आधी उघडतं, आणि चांगल्या वेळा लवकर जातात. रोज अशी वेळ बांधून घेऊ नये. लहान मुलांबरोबर ती पाळताना दमछाक होते. आम्ही एकच ठेवली होती, सना नावाच्या ठिकाणी. ते पार्कच्या आत नाही, ॲनिमल किंग्डम लॉज या हॉटेलच्या किडानी व्हिलेजमध्ये आहे, त्यामुळे पार्कचं तिकीट लागत नाही. मोठ्या खिडकीबाहेर जिराफ आणि झेब्रे चरत असतात, आणि समोर नान, कुलचे आणि नऊ तऱ्हांच्या चटण्या, लोणची, रायतं येतं. नातवाने नान हातात धरून जिराफाकडे बघत बघत पूर्ण संपवला. शाकाहारी माणसांची तिथे सोय होते. एरवी मेनूवर पानाचं चिन्ह दिसेल ते पदार्थ मांस, अंडी, दूध यांशिवायचे असतात, तेवढं लक्षात ठेवलं की काउंटरवर गोंधळ होत नाही. मोठ्यांचं दुपारचं जेवण आम्ही मोबाइल ॲपवरून सकाळीच मागवून वेळ धरून ठेवायचो. मुलं जेवून शांत झाली की मग आमचं, पाळीपाळीने.

तीन वर्षांच्या आतल्या मुलाला पार्कचं तिकीट नाही. काउंटरवर मागितलं की बर्फ घातलेलं पिण्याचं पाणी फुकट देतात, बाटल्या विकत घेण्याची गरज नाही. डिस्ने वर्ल्डच्या चारही पार्कांत बेबी केअर सेंटर आहे, तिथे उंच खुर्च्या असतात आणि आत थंड असतं. पाऊस आला तेव्हा आम्ही नातीला तिथेच बसवून भरवलं. पॉपकॉर्नच्या गाड्या जागोजागी, वास सुटलेला, आणि मुलं हट्ट करतात. पण चार वर्षांच्या आतल्या मुलाला पॉपकॉर्न आणि अख्खी द्राक्षं देऊ नयेत, घशात अडकतात. त्याऐवजी बडोद्याहून नेलेला लीलो चेवडो नातवाच्या हातात दिला, नातीला खाखऱ्याचा तुकडा. जेवणानंतर लगेच गरगर फिरणाऱ्या कपबश्यांच्या राईडकडे फिरकायचं नाही. त्यातल्या मॅजिक किंग्डम पार्कमध्ये पीपलमूव्हर नावाची उघडी गाडी आहे, सावकाश जाते, वारा लागतो. भरल्या पोटी मुलांना घेऊन बसायला इतकी चांगली जागा मला दुसरी दिसली नाही. नात तिच्यात झोपलीच.

आपल्याकडे गोष्ट वेगळी. बऱ्याच पार्कांत बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. लहान मुलांच्या जेवणाला अनेक ठिकाणी हरकत घेत नाहीत, पण आधी फोन करून विचारावं. एका वॉटर पार्कच्या दारात आम्हाला दोन्ही जार परत गाडीत ठेवायला लावले. तेव्हापासून अशा ठिकाणी मुलांना दारात शिरण्याआधी गाडीतच जेवू घालते, म्हणजे आत चार-पाच तास तरी निभतं. केवडियाला मात्र मुलांना जरूर न्या. सरदार पटेलांचा पुतळा सगळे बघतातच, पण तिथे 2020 मध्ये उघडलेलं मुलांचं न्यूट्रिशन पार्क आहे. छोट्या रेल्वेत बसायचं आणि फळभाज्या, दूधदुभतं, घरचं अन्न अशा विषयांच्या स्टेशनांवर उतरत जायचं. फलशाका गृहम, पायोनगरी, अन्नपूर्णा अशी स्टेशनांची नावं आहेत. नातू पायोनगरीहून आल्यावर आठवडाभर न सांगता दूध पीत होता. सोमवारी पुतळा बंद असतो, तो वार टाळून जा.

आता जारच्या तक्रारी, कारण त्याही आहेत. गरम अन्न आत निवलं की झाकण असं आवळून बसतं की माझ्या हातांनी उघडत नाही. झाकणावर गरम पाणी सोडलं की सैल होतं, पण पार्कात गरम पाणी कुठून आणणार? घेताना झाकणावर हवा सोडायचं बटण आहे का बघा. आमच्या छोट्यावर आहे, मोठ्यावर नाही, आणि रोज फरक जाणवतो. सिलिकॉनच्या रिंगेत वास मुरतो. ती काढून गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्यात अर्धा तास ठेवली तर जातो. दोनेक महिन्यांनी मोठ्या जारची रिंग सैल पडली आणि सांबार दप्तरात उतरलं, वह्या पिवळ्या झाल्या. कंपनीला रिंगेसाठी लिहिलं, उत्तर आलं नाही. म्हणून घेतानाच दुकानदाराकडून जादा रिंग मागून घ्या. झाकणात घडीचा चमचा येतो तो अडीच वर्षांच्या तोंडाला मोठा आणि जारच्या तळाला आखूड. लांब दांड्याचा छोटा चमचा वेगळा ठेवावा. बाहेरचा रंग कडेने उडायला लागला आहे, पण आतलं स्टील अजून नव्यासारखं आहे, आणि वाफ पहिल्या दिवसाइतकीच येते.

पैसे एकाच जारला पुरणार असतील तर दोन मुलांसाठी 500 चा घ्या आणि काठोकाठ भरून दोघांना एका वेळी वाढा. एकच मूल असेल तर 300 चा पुरे, मोठा घेतलात तर अर्धाच भरेल आणि निवेल. तोंड इतकं रुंद हवं की तुमचा पूर्ण हात आत घालून तळ घासता येईल. दुकानातच घालून बघा.