आठ महिने आरएसएसवर बातम्या वाचल्यानंतर

गेल्या भाद्रपदात आमच्या घरच्या ग्रुपवर एक कात्रण आलं: ‘केंद्राची कांदा निर्यातीवर बंदी’. काकांच्या चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, उन्हाळी कांदा होता. आता भाव कोसळणार, या धास्तीने त्यांनी दुसऱ्याच दिवशी माणसं बोलावून अर्धी चाळ रिकामी केली आणि मिळेल त्या भावाने माल घातला. बातमी खोटी नव्हती, पण ती डिसेंबर २०२३ ची होती. ती बंदी मे २०२४ मध्येच उठली होती. कात्रणाचा वरचा भाग, जिथे तारीख असते, तो कुणीतरी कापून टाकला होता. मला हे कळेपर्यंत ट्रॅक्टर लासलगावहून रिकामा परत आला होता. घरात शिकलेला मी, रोज तासभर फोनवर बातम्या बघणारा, आणि वेळेवर एवढंसुद्धा सांगू शकलो नाही, हे मला फार लागलं.

त्याच आठवड्यात फोनवर ‘फीडर’ हे आरएसएस फीड वाचायचं ॲप घेतलं. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे (म्हणजे त्याचा कोड कुणालाही बघता येतो), खातं उघडावं लागत नाही.

ज्यांना आरएसएस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे आरएसएस म्हणजे संघ नव्हे, तर संकेतस्थळावरचं नवं काही फीडच्या रूपात वाचकापर्यंत पोचवायची पद्धत. फीड म्हणजे संकेतस्थळाने ठेवलेली एक साधी फाईल. तिच्यात प्रत्येक बातमीचं शीर्षक, दुवा, बहुतेक वेळा चार ओळींचा गोषवारा आणि प्रसिद्ध झाल्याची तारीख-वेळ. नवं काही आलं की ते वर बसतं, जुनं खालून निघून जातं. आपलं ॲप ठरावीक वेळाने ती फाईल बघून येतं, एवढंच. काय आधी दाखवायचं हे मधे बसून कुणी ठरवत नाही. मार्च १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीत रामनाथन गुहा आणि डॅन लिबी यांनी याचं पहिलं रूप तयार केलं. पुढच्या एका आवृत्तीच्या कामात ॲरन स्वार्ट्झ हा अमेरिकी मुलगा होता, तेव्हा तो जेमतेम चौदा वर्षांचा. गूगल रीडर ही गूगलची फीड वाचायची सेवा १ जुलै २०१३ ला बंद झाल्यावर आरएसएस संपलं असं लोक म्हणू लागले. पण आजही तुम्ही ऐकता ते बहुतेक पॉडकास्ट याच फाईलींवरून तुमच्यापर्यंत येतात.

सुरुवातीला मी हावरटासारखी साठ फीडं जोडली. आठवड्यात न वाचलेल्यांचा आकडा नऊशेवर गेला आणि ॲप उघडायचीच इच्छा होईना. मग कठोर झालो. दिवसाला शंभर बातम्या ओतणारी मोठी फीडं काढली आणि त्याच वर्तमानपत्रांची विभागवार फीडं घेतली. आता तेवीस आहेत. सकाळी चहासोबत वीस मिनिटं, रात्री दहा मिनिटं. यादी खाली सरकवत गेलं की ती संपते, आणि संपली की फोन ठेवता येतो. आठ महिन्यांत मला सगळ्यात जास्त सुख या संपण्याने दिलं आहे.

मी नागरी सहकारी बँकेत नोकरीला आहे. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर अधिसूचनांचं वेगळं फीड आहे आणि प्रसिद्धीपत्रकांचं वेगळं. पूर्वी परिपत्रक साहेबांकडून फिरत फिरत यायचं, तेही कधी कधी कुणीतरी पिवळ्या रंगात रंगवलेलं, म्हणजे त्याला महत्त्वाचं वाटलं तेवढंच डोळ्यात भरणारं. आता मूळ कागद मीच आधी वाचलेला असतो. नोकरीत याचा उपयोग शब्दांत सांगण्यापलीकडचा आहे.

फीड शोधणं हे खरं कष्टाचं काम. फीडचं नारिंगी चिन्ह बऱ्याच संकेतस्थळांवरून गायब झालंय, फायरफॉक्स ब्राउझरनेही डिसेंबर २०१८ मध्ये आपली फीड वाचायची सोय काढून टाकली. पण संकेतस्थळ वर्डप्रेस या प्रणालीवर बनवलेलं असेल तर पत्त्याच्या शेवटी स्लॅश देऊन ‘फीड’ हा शब्द इंग्रजीत लिहून बघा, बहुतेक वेळा उघडतं. ब्लॉगस्पॉटच्या ब्लॉगांनाही फीड असतं, यूट्यूबच्या चॅनेलांनाही. गूगल न्यूजमध्ये मराठीत ‘कांदा निर्यात’ असा शोध घेऊन त्याचंच फीड करता येतं. त्यात जुन्या बातम्याही येतात, पण तारखेसकट येतात.

आता त्रास. बरीच वर्तमानपत्रं फीडमध्ये दोनच ओळी देतात. फीडरमध्ये पूर्ण लेख ओढून आणायची सोय आहे, पण काही वेळा लेखाऐवजी नुसत्या ‘हेही वाचा’च्या ओळी हाती लागतात. माझ्या फोनची बॅटरी वाचवणारी यंत्रणा ॲपला झोपवून टाकत होती, त्यामुळे पहिले पंधरा दिवस सकाळी कालचीच यादी दिसायची. सेटिंगमध्ये जाऊन फीडरला त्यातून सूट दिल्यावर सुरळीत झालं. फोनवर वाचलेलं लॅपटॉपवरही वाचलेलं दिसावं असं वाटत असेल, तर खातं उघडून चालणारं इनोरीडर किंवा फीडली घ्या.

सगळ्यात वाईट अनुभव एका जिल्हा दैनिकाचा. त्यांचं फीड कार्तिकात गपचूप बंद पडलं. ॲपमध्ये ना चूक दिसली, ना सूचना आली. बारा दिवस मी समजत होतो की तालुक्यात विशेष काही घडत नाहीये. तेव्हापासून दर रविवारी प्रत्येक फीडमधली शेवटची तारीख बघतो. त्या दैनिकाला मेल केला होता, उत्तर नाही. हे वाईट वाटतं, कारण फीड चालू ठेवायला त्यांना फार काही करावं लागत नाही आणि आमच्यासारख्या वाचकाला तेवढं पुरतं.

फीडरमध्ये नको असलेले शब्द अडवता येतात. ‘राशीभविष्य’ आणि ‘बिग बॉस’ हे दोन शब्द घातले आणि यादी निम्म्याने हलकी झाली.

पौषात काकांच्या फोनवरही ॲप घालून दिलं. चारच फीडं, अक्षर मोठं केलेलं. ॲप लेख वाचूनही दाखवतं, पण मराठी आवाज फोनमध्ये आधी उतरवून घ्यावा लागतो. काका ओट्यावर बसून ऐकतात. बातमी संपली की आधी विचारतात, “कधीची?” बातमीच्या वर असलेली तारीख मी त्यांना दाखवून दिली, आता तिथेच बोट ठेवून स्वतः वाचतात.

आणि एक गोष्ट, जिची मी अपेक्षाच केली नव्हती. सात-आठ जुने मराठी ब्लॉग मी जोडून ठेवले होते, बहुतेक वर्षानुवर्षं गप्प. माघात त्यातल्या एकावर लेख आला. कोकणातल्या विहिरींवर, सविस्तर, स्वतः काढलेल्या फोटोंसह. तो मला कुणी पाठवला नसता आणि मी शोधायलाही गेलो नसतो. रिझर्व्ह बँकेच्या दोन अधिसूचनांच्या मधोमध तो येऊन बसला होता. त्या रात्री मी त्या ब्लॉगवरचे मागचे सगळे लेख वाचून काढले आणि लेखकाला दोन ओळींचं पत्र लिहिलं.

महिन्यातून एकदा सगळ्या फीडांची ओपीएमएल फाईल, म्हणजे त्यांच्या पत्त्यांची यादी, काढून स्वतःला मेल करतो, म्हणजे फोन बदलला तरी यादी हातची जात नाही. पुण्याच्या बहिणीने तीच फाईल घेऊन बँकेची फीडं काढून टाकली आणि हवामानाची व नाटकांची घातली. कुणी नव्याने सुरू करणार असेल तर पाच फीडांनी करा आणि पंधरा दिवस सहावं जोडू नका.