व्हायोलेटासमोरचं घड्याळ

झुंबरं आणि घोळदार झगेवाला ‘ला त्राव्हियाता’ हा व्हेर्दींचा ऑपेरा पाहत आलेय, म्हणून दिग्दर्शक विली डेकर यांच्या २००५ च्या साल्झबर्ग प्रयोगाची डीव्हीडी धास्तीनेच लावली. दिवाणखाना गायब! गोलाकार पांढरी भिंत, सोफे, भलंमोठं घड्याळ. कोरसमधल्या बायकाही पुरुषी काळ्या सुटात. एरवी डॉक्टरचं काम किरकोळ. इथे तो सुरुवातीपासून गप्प वावरतो, मृत्यूच जणू. त्या सगळ्यांत लाल पोशाखातली, मरणपंथाला लागलेली नायिका व्हायोलेटा, म्हणजे गायिका आना नेत्रेब्को, इतकी एकटी दिसते की माझा घसा दाटला. सोफ्यांवर फुलाफुलांची कापडं टाकून केलेलं खेड्यातलं घर मात्र पटलं नाही.

परंपरा मोडली म्हणावं, तर व्हेर्दींना १८५३ साली आपल्या काळातलेच कपडे हवे होते. पहिला प्रयोग व्हेनिसमध्ये होता; तिथल्या अधिकाऱ्यांनी कथा १७०० च्या सुमारास ढकलली. डीव्हीडी जरूर घ्या.