धिंगरीचं स्पॉन: माल उत्तम, माहितीपत्रक कच्चं

धिंगरी म्हणजे ऑयस्टर अळिंबी (मशरूम), आणि स्पॉन म्हणजे तिचं बियाणं, बुरशीचे धागे वाढवलेले दाणे. स्पॉनचं पाकीट उघडलं की मी आधी वास घेते. आंबट आला तर ते पाकीट बाजूला. दाण्यांत जिवाणू शिरलेले असतात. या पाकिटांना तसा वास नव्हता. दाणा न् दाणा पांढऱ्या धाग्यांनी मढलेला, चोळताच मोकळा होणारा, हिरवा-काळा ठिपका कुठेच नाही. ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारं यंत्र) आणि प्रयोगशाळा परवडत नाही अशा लहान उत्पादकाचा अख्खा हंगाम या दाण्यांवर असतो, म्हणून हे आधी सांगितलं.

भिजवलेलं काड (वाळका पेंढा) ८० अंशांच्या आसपासच्या पाण्यात तासभर ठेवून निथळलं आणि थराथराने स्पॉन पेरत बेड भरले. (काड मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा, धार लागू नये.) अडीच-तीन आठवड्यांत बेड पांढरेफेक झाले. नको असलेली हिरवी बुरशी जवळजवळ नाहीच. पहिली तोड भरघोस, दुसरी बरी, तिसरी नावाला. धिंगरीचं असंच असतं, त्याचा दोष स्पॉनला देणार नाही.

माझं भांडण सोबतच्या कागदाशी आहे. 'खोली बंद ठेवावी' एवढंच छापलंय. धिंगरीचे पांढरे धागे काडात पसरेपर्यंत ते ठीक. पण पिनहेड (टाचणीच्या डोक्याएवढे कोंब) दिसू लागले की ताजी हवा, मंद उजेड आणि ८०-९० टक्के आर्द्रता लागते. बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड साचतो, देठ लांबतात, छत्री बटणाएवढी राहते. असा माल व्यापारी हातात धरत नाही. नवा माणूस हा कागद वाचून बसला तर चांगलं स्पॉन वाया घालवेल आणि वर शिव्याही स्पॉनलाच देईल. छत्रीची कड वर वळण्याआधी तोडणी करा, बीजाणूंनी खोकला होतो, मास्क लावा, यातलंही एक अक्षर नाही.

पाकिटावर बनवल्याची तारीख नाही. जात म्हणून नुसतं 'ऑयस्टर'. धिंगरीची कुठली जात, फ्लोरिडा की साजोर-काजू? फोनवर उत्तर मिळालं, 'सगळ्या हवामानात येतं.' अशी कुठलीच अळिंबी नसते! तिशीच्या वरचं तापमान असेल तर दुधी अळिंबी लावावी, हे विकणाऱ्याने स्वतःहून सांगायला हवं.

स्पॉनला पाचपैकी साडेचार, कागदाला अर्धा. पुढची पाकिटं इथूनच घेईन, पण जात आणि तारीख बिलावर लिहून घेऊनच.