मालकाचं मत नि दुकानातला माल: बंद करावं की घेत राहावं?

एखाद्या ब्रँडचा मालक मुलाखतीत काहीतरी बोलून जातो. तो तुकडा दुपारपर्यंत नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतो, आणि संध्याकाळी वाणसामान घेताना हात त्या पाकिटापाशी अडतो. घ्यावं की राहू द्यावं? मी दोन्ही करून पाहिलं आहे. एका गोडा मसाल्याचा ब्रँड बंद केला. हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या मालकाशी तितकंच बिनसलेलं असूनही त्याचं मात्र वापरत राहिलो. अनुभव एका घराचा आणि एका छोट्या धंद्याचा आहे, तेवढ्याच मापाने तो घ्यावा.

भेसळ, कामगारांचे बुडवलेले पगार, नदीत सोडलेलं सांडपाणी यांचा विचार इथे नाही. ती कृत्यं आहेत, तिथे मला तुलनेची गरज वाटत नाही. प्रश्न आहे तो फक्त न पटणाऱ्या मताचा.

आधी बंद करण्याच्या बाजूचं बोलू, कारण ती बाजू वाटते तितकी भाबडी नाही. आमच्या मसालेवाल्यांनी एका व्हिडिओत सांगितलं की त्यांच्या बिल्डिंगमध्ये मांसाहारी भाडेकरूला जागा मिळत नाही आणि इतरांनीही देऊ नये. मी एकेकाळी कोथरूडपासून धनकवडीपर्यंत भाड्याची जागा शोधली आहे. डिपॉझिटचं बोलणं निघायच्या आधी ‘मासे खाता का’ हे विचारलं जातं, हे मला ऐकून माहीत नाही, तोंडावर विचारलेलं आहे. त्यामुळे आमटीला मसाला घालताना तो गृहस्थ आठवायचा. ब्रँड बदलला आणि आठवण थांबली. स्वयंपाकघरातली ही शांतता कमी लेखू नये.

शिवाय बहिष्काराने काहीच होत नाही, असंही नाही. पास्ता विकणाऱ्या बारिलाचे अध्यक्ष २०१३ मध्ये इटलीतल्या रेडिओवर म्हणाले की आमच्या जाहिरातीत समलिंगी कुटुंब दिसणार नाही, पटत नसेल त्यांनी दुसरा पास्ता खावा. ओरड झाली, त्यांनी माफी मागितली, कंपनीने धोरणं बदलली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या समलिंगी हक्कांच्या मोठ्या संस्थेने तिला पैकीच्या पैकी गुण दिले. अमेरिकेतल्याच चिक-फिल-ए या चिकनवाल्यांची गोष्ट थोडी वेगळी. २०१२ मध्ये मालक समलिंगी विवाहाविरुद्ध बोलले तेव्हा बहिष्काराला उत्तर म्हणून समर्थकांनीच दुकानांपुढे रांगा लावल्या. सात वर्षांनी, २०१९ मध्ये, वादग्रस्त ठरलेल्या काही संस्थांना कंपनीकडून जाणाऱ्या देणग्या थांबल्या. म्हणजे लोकांनी पैसा कुठे जातो हे धरून ठेवलं, तिथे काहीतरी हललं. मालकाच्या डोक्यात काय चाललंय ते कुणालाच बाहेरून हलवता आलं नसावं, असं आपलं माझं मत.

फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचं उदाहरण तर दोन्ही बाजू आपापल्या परीने वापरतात. ब्रेंडन आइक यांनी २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या समलिंगी विवाहविरोधी प्रस्तावाला हजार डॉलर दिले होते. २०१४ मध्ये ते कंपनीचे प्रमुख झाल्यावर ते उकरून निघालं आणि काही दिवसांतच त्यांना पद सोडावं लागलं. पुढे त्यांनी ब्रेव्ह ब्राउझर काढला. माझ्या ओळखीत जाहिरातींना वैतागलेले निम्मे लोक तो वापरतात, आणि यातलं त्यांना काही ठाऊक नसतं.

आता घेत राहण्याची बाजू. इथला पहिला मुद्दा घरोघरी माहीत आहे: कोकवर राग म्हणून थम्स अप प्यायचं, तर १९९३ पासून तेही कोकचंच. दुसरा मुद्दा लोक सहसा काढत नाहीत. आठवड्याला ९० तास काम करा असं लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष २०२५ च्या जानेवारीत बोलल्याचं बाहेर आलं, तेव्हा आमच्या चहाच्या टपरीवर बहिष्काराची भाषा झाली. त्यांचा माल वाण्याकडे मिळत नाही, बंद काय करणार, उड्डाणपूल? त्याआधी २०२३ मध्ये इन्फोसिसच्या नारायण मूर्तींचे ७० तास झालेच होते. (हिंजवडीच्या कोंडीतले तास त्यात धरायचे की नाही, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.) पण टपरीवरच्या बहुतेकांची निफ्टीच्या इंडेक्स फंडात एसआयपी आहे आणि या दोन्ही कंपन्या निफ्टीत आहेत. जिभेने बहिष्कार घालायचा आणि दर महिन्याला त्यांचेच शेअर घ्यायचे, असा तो प्रकार.

माझ्या सॉफ्टवेअरच्या मालकाला रोज सकाळी देशाला उपदेश करायची हौस आहे. मला तो वाचवत नाही. पण जीएसटीचं रिटर्न भरायच्या वीस तारखेच्या आदल्या रात्री आकडे जुळेनात, तेव्हा सपोर्टला फोन उचलून शांतपणे चूक शोधून देणारी मुलगी साताऱ्याची असते, आणि तिचं त्या उपदेशाशी काही देणंघेणं नसतं. मी निघून गेलो तर आधी कुणाचं काम जाईल, याचा अंदाज बांधायला फार अक्कल लागत नाही. अर्थात जुना सगळा डेटा हलवायचा आळस हेही कारण आहे, ते लपवण्यात अर्थ नाही.

इथपर्यंत तराजू बरोबरीतच होता. तो कलला तो एका यादीने.

मसाला बंद केल्याचं मी सोसायटीतल्या एकदोघांना सहज बोललो होतो. कुणीतरी ग्रुपवर ‘कुणाचं काय घेऊ नये’ अशी यादी टाकली आणि त्यात माझा मसाला आला. मग जो तो भर घालू लागला. एकाने टाकलेल्या दुधाच्या ब्रँडचा मालक जे बोलला होता, ते मला तंतोतंत पटलेलं होतं. तेही एक वेळ ठीक. पण पुढे यादी मालकांना सोडून पिशव्यांकडे वळली. तळमजल्यावरच्या काकांना लिफ्टमध्ये कुणी म्हणालं, “अहो, तुम्ही अजून हे घेता?” काका बिचारे बायकोला त्याच चवीची सवय असल्याचा खुलासा देत बसले. आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशींनी स्वतःसाठी घेतलेल्या पाकिटावरही एका शेजारणीने शेरा मारला. वड्याचं तेल वांग्यावर. मसालेवाल्याला यातलं काही कळलंच नसणार. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला मी विचारलं, खप उतरला का? तो म्हणाला, “दिवाळीच्या आधी माल पुरत नव्हता.” माझ्याकडे मोजमाप म्हणून एवढंच आहे.

पुण्याला हे नवीन नाही, हेच खरं तर जास्त खटकलं. १८९० मध्ये पंचहौद मिशनमधल्या एका कार्यक्रमानंतर रानडे, टिळक, गोखले यांच्यासह अनेकांपुढे चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोशांनी उपस्थितांची नावं ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्रात छापवली आणि गावात ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. कुणी कप तोंडाला लावला आणि कुणी नुसता हातात धरला, याचा खल झाला. चहा देणाऱ्या मिशनचं त्यात काही बिघडलं नाही. मात्र त्या ग्रामण्यात निदान प्रायश्चित्ताची सोय होती, रानड्यांनीही ते घेतलं. आमच्या यादीतून नाव कसं निघतं, ते कुणालाच माहीत नव्हतं.

याच गावात १९०५ च्या दसऱ्याच्या सुमारास विदेशी कपड्यांची होळी झाली. तिचा दाखला देऊन मला ‘तू पुणेकर कसला’ असं सुनावणारे आहेत. पण तिथे मागणी उघड होती, बंगालची फाळणी रद्द करा, आणि १९११ मध्ये ती रद्द झाली. मागणी पुरी झाली की नाही, हे बाहेरून दिसत होतं. मसालेवाल्याने उद्या ‘चुकलो’ म्हटलं, तर त्याचं मन खरंच बदललं हे मी कशावरून ठरवणार? आणि त्याचं मन तपासायचा धंदा मी कधीपासून सुरू केला?

म्हणून माझा कल घेत राहण्याकडे आहे, जोराने नाही पण आहे. मालकाचं मत कामावर घेण्यात, भाडं देण्यात किंवा देणग्यांत उतरलं असेल तर गोष्ट वेगळी. आमचे मसालेवाले त्या हिशेबाने सीमेवर बसतात, कारण ते नुसतं बोलत नव्हते, जागा नाकारतही होते. त्यांचा मसाला आमच्याकडे परत आलेला नाही. नव्या मसाल्याला दगडफुलाचा वास जास्त येतो, हेही त्याला एक कारण.

तुमचं मत ‘बंद’कडेच झुकत असेल, तर एकच ब्रँड निवडा आणि काय झालं तर पुन्हा घ्याल, ते आधी ठरवा. मग ते कंपनीलाच कळवा. ग्राहक तक्रारीचा फोन आणि ई-मेल पाकिटावर छापणं कायद्याने बंधनकारक आहे, मागच्या बाजूला बारीक अक्षरात सापडेल. ग्रुपवर टाकू नका.