टाटलिन टॉवरचं लाकडी किट: घ्या, पण दोन रविवार मोकळे ठेवा

ऑनलाइन मागवलेलं, शेवटी काल रात्री जोडून झालं. रशियन कलाकार व्लादिमीर टाटलिनचा हा टॉवर 1919-20 चा, पेट्रोग्राडमध्ये (आजचं सेंट पीटर्सबर्ग) 400 मीटर उंच होणार होता म्हणजे आयफेलपेक्षाही उंच, पण बांधला कधीच गेला नाही, यादवी युद्धाने पिचलेल्या रशियात एवढं पोलाद आणणार कुठून. तुकडे लेझर कटिंगचे, फिटिंग छान, फक्त सर्पिल पट्ट्या वाकवताना माझी एक मोडली, आधी पाण्यात भिजवून घ्या.

सगळ्यात भारी म्हणजे आतले भाग खरंच फिरतात! मूळ कल्पनेत खालचा घन वर्षाला एक फेरी घेणार, तिथे कायदे करणाऱ्या सभा, त्यावरचा पिरॅमिड महिन्याला एक, त्याच्या वरचा सिलिंडर रोज एक आणि तिथून जगभर बातम्या जाणार. राज्यकारभाराची इमारतच ग्रहताऱ्यांसारखी फिरती ठेवायची, असा विचार कोणीतरी मनापासून केला होता, हाताने फिरवून बघताना अंगावर काटा आला माझ्या.

सगळ्यात वरचा अर्धगोल मात्र किटमध्ये दिलेलाच नाही, तो हवाच होता. त्यासाठी एक स्टार कमी, 4/5.